रेडिओला नेमकं काय विकलं जातं?

एखाद्या मोठ्या स्पर्धेचे प्रसारण हक्क विकले गेले, की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, खेळ लोकांचा आहे, त्याला कुंपण घालणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, मैदान आमचं, खेळाडूंचं मानधन आमच्या खिशातून, सामना पावसात वाहून गेला तर तोटाही आमचाच; ज्याला तो लोकांना ऐकवायचाय त्याने पैसे मोजावेत. दोन्ही बाजूंचा आवेश खरा असतो. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर टीव्ही असतो, आणि टीव्हीसाठी मांडलेले युक्तिवाद रेडिओवर जसेच्या तसे लादले जातात. त्यातून रेडिओचं काय होतं, हे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. रेडिओ समालोचनाचे हक्क टीव्ही आणि डिजिटलच्या गठ्ठ्यातून बाहेर काढावेत, एकाच केंद्राला त्यांचा मक्ता देऊ नये, आणि आयोजकाने रेडिओकडून पैसे घ्यायचे ते तो प्रत्यक्षात जे पुरवतो त्याचे घ्यावेत.

आता तो पुरवतो काय, ते पाहू. टीव्हीला आयोजक किंवा त्याने नेमलेली निर्मिती कंपनी तयार चित्र देते. पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त कॅमेरे, रिप्ले, आकडेवारीच्या पट्ट्या, सगळं एका फीडमध्ये मिळतं. त्या फीडवर मोठा खर्च झालेला असतो आणि तो वसूल करणं रास्तच आहे. रेडिओला यातलं काहीच नको असतं. दोन समालोचक, एक नोंदी ठेवणारा माणूस, हेडसेट माइक, छोटा मिक्सर, प्रेक्षकांचा आवाज टिपायला खिडकीबाहेर लावलेला एक माइक, आणि आवाज स्टुडिओपर्यंत नेणारा कोडेक. हा सगळा संसार केंद्र स्वतः घेऊन येतं आणि शब्दही त्याचेच असतात. आयोजकाकडून त्याला मिळते समालोचन कक्षातली जागा, विजेचा प्लग, इंटरनेटचं पोर्ट, प्रवेशपत्र, आणि इथून बोलायची परवानगी. सहावी गोष्ट कागदावर असते: दुसऱ्या कुणालाही बोलू देणार नाही, हे आश्वासन. पहिल्या पाच गोष्टींचा हिशेब मांडला तर रक्कम किरकोळ येते. बोली चढते ती सहाव्या गोष्टीसाठी. थोडक्यात, रेडिओ हक्कांच्या बाजारात जी मोठी किंमत मोजली जाते, ती इतरांनी गप्प बसण्याची असते.

हा बाजार चालतो कसा, हे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून जरा तपशिलात जातो. केंद्राचं पहिलं काम म्हणजे हक्क कुणाकडे आहे ते शोधणं, आणि बहुतेक नवी केंद्रं इथेच अडखळतात. हक्क यजमान संघाचा असू शकतो, लीगचा असू शकतो, महासंघाचा असू शकतो, किंवा या सगळ्यांकडून घाऊक भावाने घेऊन पुढे किरकोळीने विकणाऱ्या एजन्सीचाही. अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये प्रत्येक क्लब आपल्या भागातल्या रेडिओशी स्वतंत्र करार करतो; देशभरच्या रेडिओचा करार मात्र लीगच्या पातळीवर होतो. तिथल्या विद्यापीठांच्या संघांचे हक्क बहुधा एखाद्या विपणन कंपनीकडे असतात. ती एक मुख्य केंद्र निवडते आणि त्याच्या भोवती लहान केंद्रांचं जाळं विणते. साखळी सामन्यांचे हक्क क्लबकडे आणि बाद फेरीचे संघटनेकडे, ही विभागणीही नेहमीची आहे. पूर्ण हंगाम ऐकवलेल्या केंद्राला उपांत्य फेरीच्या आठवड्यात कळतं की आता अर्ज वेगळा, शुल्क वेगळं आणि मुदत कालच संपली!

मालक सापडला की प्रस्ताव द्यायचा. त्यात प्रक्षेपकाची पोहोच दाखवणारा नकाशा लागतो, किती सामने ऐकवणार, सामन्याआधी आणि नंतर किती मिनिटांचा कार्यक्रम करणार, संघाच्या तिकीटविक्रीसाठी आठवड्याला किती जाहिराती फुकट वाजवणार, समालोचक कोण, हे सगळं लिहावं लागतं. समालोचकाच्या नावाला मंजुरी देण्याचा अधिकार संघ बरेचदा स्वतःकडे ठेवतो. तटस्थ समालोचनाची अपेक्षा करणाऱ्या श्रोत्याला याचा पत्ता नसतो. पैशांचे प्रकार साधारण चार. केंद्र ठोक रक्कम देतं आणि सगळ्या जाहिराती स्वतः विकतं. किंवा रक्कम न देता जाहिरातीच्या वेळेची वाटणी होते, काही स्पॉट हक्कधारकाचे, काही केंद्राचे. किंवा उत्पन्नात टक्केवारी ठरते. आणि चौथा प्रकार, ज्याबद्दल कुणी बोलत नाही: संघच केंद्राला पैसे देऊन वेळ विकत घेतो आणि जाहिराती आपण विकतो. खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये, लहान गावांच्या संघांमध्ये हेच सर्रास चालतं. मग मला सांगा, ज्या गोष्टीसाठी वरच्या पायरीवर केंद्राने पैसे मोजायचे, तीच खालच्या पायरीवर व्हावी म्हणून संघ स्वतः पैसे मोजतो, तर तिला खेळाच्या मालकीचा भाग कसं म्हणायचं? समालोचनातून संघाला प्रसिद्धी मिळते, हे दोन्ही पायऱ्यांवर सारखंच खरं आहे.

करार झाला तरी फसण्याच्या जागा पुष्कळ. सगळ्यात मोठी म्हणजे स्ट्रीमिंग. एफएमवरून ऐकवायचा हक्क घेतला म्हणजे संकेतस्थळावरून आणि ॲपवरून ऐकवायचाही मिळाला, असं केंद्र गृहीत धरतं. करारात ‘फक्त भूप्रसारण’ (म्हणजे प्रक्षेपकावरून, इंटरनेटवरून नव्हे) असे दोन शब्द असतात आणि पहिल्याच सामन्यात नोटीस येते. मग सामना सुरू असताना ऑनलाइन प्रवाह तोडून तिथे गाणी लावायची, किंवा श्रोत्याचं ठिकाण ओळखून बाहेरच्यांना अडवणारी यंत्रणा बसवायची, असे दोनच मार्ग उरतात. दुसरी जागा प्रायोजकांची. संघाचा अधिकृत भागीदार एक बँक असेल आणि केंद्राने आधीच दुसऱ्या बँकेशी वर्षाचा करार केला असेल, तर सामन्याच्या तीन तासांत ती जाहिरात वाजवता येत नाही आणि तिची भरपाई केंद्राच्या माथी बसते. तिसरी, एकाच वेळी दोन सामने. केंद्राने दोन संघांशी करार केलेत आणि दोघे एकाच संध्याकाळी खेळतायत, तर प्राधान्य कुणाला, हे कलम नसेल तर भांडण अटळ. आणि पत्रकारांच्या प्रवेशपत्राला प्रसारणाचा हक्क समजणं ही तर जुनीच चूक. ते पत्र बातमी देण्यासाठी असतं, थेट समालोचनाला ते चालत नाही. तांत्रिक बाजूही करारात यायला हवी. मानवी आवाजासाठी 64 किलोबिट प्रति सेकंदांचा दुवा पुरतो, पण तो तारेचा हवा. मैदान भरलं की मोबाइलचं जाळं गुदमरतं, म्हणून मोबाइलवर ठेवलेली पर्यायी व्यवस्था नेमकी गरजेच्या वेळी कोसळते. निदान दोन वेगळ्या कंपन्यांची सिम तरी असावीत.

एवढ्या अटी, एवढी जोखीम, आणि तरीही या हक्काला कायद्याचा पाया कोणता, यावर जगभर एकमत झालेलं नाही. 1937 साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे सिडनीच्या एका रेसकोर्सचा खटला आला. शेजारच्या माणसाने आपल्या जमिनीवर लाकडी मचाण उभारलं होतं आणि त्यावरून एका रेडिओ केंद्राचा समालोचक शर्यतींचं वर्णन करत होता. रेसकोर्सचा धंदा बसत होता. न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: दृश्य कुणाच्या मालकीचं नसतं, कुणी बघायला नको असेल तर कुंपण उंच करा. पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जवळजवळ तोच प्रसंग घडला. केक्यूव्ही नावाच्या केंद्राने फोर्ब्स फील्ड मैदानाच्या भिंतीपलीकडची जागा भाड्याने घेतली, तिथून आपल्या माणसांना आत डोकावायला बसवलं आणि बेसबॉल सामन्यांची हालहवाल प्रसारित केली. पायरेट्स संघाने प्रसारणाचा हक्क आधीच दुसऱ्यांना विकला होता. तिथल्या न्यायालयाने केक्यूव्हीला मनाई केली. संघाने सामना उभा केलाय, मैदानावर त्याचा ताबा आहे, म्हणून सामना संपल्यानंतरच्या वाजवी काळापर्यंत त्या बातमीवर त्याचा हक्क आहे, असं ते म्हणालं. एका वर्षाच्या अंतराने, सारख्या घटनेवर, दोन उलट निकाल! ‘हक्क तर आमचाच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे दोन खटले शेजारी ठेवून वाचावेत. ही मालकी निसर्गदत्त नाही. कुठल्या तरी समाजाने सोयीसाठी ती ठरवली आहे. म्हणूनच तिची हद्द कुठवर, हेही समाजानेच ठरवायचं असतं.

पिट्सबर्गच्या निकालामागचा विचार मी हलक्यात घेत नाही. दुसऱ्याने पैसे ओतून उभा केलेला खेळ भिंतीवरून पाहायचा आणि त्यावर आपल्या जाहिराती विकायच्या, हे आयत्या बिळावर नागोबा होणंच आहे. आणि ज्या केंद्राने रीतसर पैसे मोजले त्याच्यावर तर तो सरळ अन्याय आहे. पण या अन्यायाचं मूळ कशात आहे? एकाला मक्ता विकला गेला होता, म्हणून दुसऱ्याला भिंतीवर चढावं लागलं. केक्यूव्हीला रास्त दराने समालोचन कक्षात जागा मिळण्याची सोय असती, तर भिंतीचा प्रश्नच उद्भवला नसता. ज्या चोरीपासून संरक्षण म्हणून मक्ता हवा असं सांगितलं जातं, ती चोरी बऱ्याच अंशी मक्त्यातूनच जन्मते.

दुसरा आक्षेप प्रेक्षकसंख्येचा. फुकट ऐकायला मिळालं तर मैदानात कोण येईल? ही भीती रेडिओइतकीच जुनी आहे. 5 ऑगस्ट 1921 रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी पायरेट्स विरुद्ध फिलीज हा सामना ऐकवला. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं ते पहिलं रेडिओ प्रसारण. त्यानंतर क्लबमालकांचे दोन तट पडले. न्यूयॉर्कच्या तिन्ही क्लबांनी 1934 पासून पाच वर्षं रेडिओवर बंदी घालायचा आपसांत करार केला. उलट शिकागो कब्जचे मालक विल्यम रिग्ली यांनी 1920 च्या दशकातच जो येईल त्या केंद्राला सामने ऐकवू दिले, एकाच वेळी अनेक केंद्रांना. 1927 मध्ये एका हंगामात दहा लाखांवर प्रेक्षक खेचणारा कब्ज हा नॅशनल लीगमधला, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीतला, पहिला क्लब ठरला. हे सगळं श्रेय रेडिओचं, असा दावा मी करणार नाही. संघ सुधारत होता आणि दोनच वर्षांनी त्याने लीगही जिंकली. पण रेडिओने मैदान ओस पडतं, हा दावा तरी या आकड्यापुढे कसा टिकावा? शेवटी 1939 मध्ये त्याच तिघांपैकी ब्रुकलिन डॉजर्सचा कारभार पाहणारे लॅरी मॅकफेल यांनी न्यूयॉर्कची बंदी मोडली आणि सिनसिनाटीत आपल्याबरोबर काम केलेले समालोचक रेड बार्बर यांना माइकपाशी बसवलं. मैदान चालवणाऱ्या माणसानेच बंदीतून अंग काढून घेतलं, यातच सगळं आलं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मक्ता मिळाला की केंद्र मनापासून खर्च करतं. चांगला समालोचक नेमतं, त्याला दौऱ्यावर पाठवतं, वर्षानुवर्षं तोच आवाज श्रोत्याच्या ओळखीचा होतो. सगळ्यांनाच दार उघडं केलं तर सगळेच काटकसर करतील. हे अर्धं खरं आहे. बीबीसीचं कसोटी समालोचन 1957 पासून चालत आलं, ते सातत्याशिवाय शक्य नव्हतं. पण मक्त्याची दुसरी बाजूही इंग्लंडमध्येच दिसली. 2000 सालच्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचे रेडिओ हक्क बीबीसीकडे होते. टॉकस्पोर्ट या खासगी रेडिओ केंद्राने हॉटेलात टीव्ही लावून, पडद्यावर दिसेल त्याचं समालोचन केलं आणि त्याला प्रेक्षकांच्या आवाजाची जोड दिली. प्रसारण मैदानातूनच चाललंय असा श्रोत्यांचा समज होतो, अशी बीबीसीची तक्रार होती. न्यायालयाने मनाई हुकूम द्यायला नकार दिला. निकाल बरोबर की चूक, हे क्षणभर बाजूला ठेवा. श्रोत्याच्या पदरात काय पडलं? पडद्यावरून समालोचन करणाऱ्याला कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. बचावफळी कुठे सरकली, राखीव खेळाडू कोण अंग गरम करतोय, वारा कुठल्या बाजूचा, हे त्याच्या नजरेबाहेर राहतं. रिप्ले चालू असताना खेळ पुढे सरकतो आणि त्याला मागून पळावं लागतं. फीड उशिरा पोहोचलं तर शेजाऱ्याच्या घरातून गोलचा ओरडा आधी येतो. दर्जा राखायचा म्हणून दिलेला मक्ता दुसऱ्या केंद्राच्या श्रोत्याला दुय्यम माल देतो. दर्जासाठी सातत्य हवं हे मान्य; ते तीन-चार वर्षांच्या करारानेही मिळतं, त्यासाठी बाकीच्यांना दारातून परत पाठवायची गरज नाही.

युरोपने हा प्रश्न दोन टोकांनी सोडवून पाहिला आहे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका खासगी केंद्राने विचारलं, की वार्तांकनाचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय, तर फुटबॉल क्लब आमच्याकडून खर्चापलीकडे पैसे कशाचे मागतात? 8 नोव्हेंबर 2005 रोजी तिथल्या संघीय न्यायालयाने क्लबांच्या बाजूने कौल दिला: मैदानात कुणाला, कशा अटीवर येऊ द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार यजमानाचा, आणि त्या अटींत पैसेही आले. स्पेनमध्ये उलट झालं. 2011-12 च्या हंगामात लीगने रेडिओ केंद्रांकडून प्रवेशासाठी मोबदला मागितला. केंद्रांनी एकजुटीने नकार दिला. समालोचकांना कक्षांतून बाहेर ठेवलं गेलं. काहींनी तिकिटं काढून स्टँडमधून काम केलं, काहींनी पडद्यावरून. एप्रिल 2012 मध्ये सरकारने हुकूम काढून रेडिओला मैदानात मुक्त प्रवेश दिला; केंद्राने फक्त आपल्यामुळे होणारा खर्च भरायचा. तो किती, हे ठरवायचं काम दूरसंचार नियामकाकडे गेलं आणि त्याने सामन्यामागे 85 युरो हा आकडा काढला. जागा, वीज आणि जोडणी यांची खरी किंमत म्हणजे 85 युरो! त्यानंतर स्पेनचा फुटबॉल भिकेला लागला का? तिथली लीग टीव्हीचे हक्क आजही प्रचंड रकमांना विकते, आणि एकाच सामन्याचं समालोचन अनेक केंद्रं आपापल्या ढंगाने करतात.

भारतीय वाचकाला यात आपला कायदाही आठवेल. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं फीड प्रसारभारतीला देणं हक्कधारकांवर बंधनकारक झालं. त्याच कायद्यात एक बारीक तरतूद आहे. जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा टीव्हीसाठी किमान 75 टक्के, पण रेडिओसाठी 50. म्हणजे रेडिओत प्रसारकाचं योगदान मोठं असतं, हे कायदा करणाऱ्यांनीही एका परीने मान्य केलं. पण लाभ एकाच सार्वजनिक प्रसारकाला दिला. खासगी एफएम केंद्रांना 2011 च्या धोरणानुसार थेट समालोचनाची मुभा मिळाली ती स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांपुरती. एकीकडे लहरी सर्वांच्या म्हणायचं आणि दुसरीकडे त्यांवरून बोलायचा अधिकार एकालाच ठेवायचा, ही विसंगती कुणाला बोचतच नाही, कारण चर्चा पुन्हा टीव्हीच्या फीडवरच अडकलेली असते.

राहता राहिला तो हल्लीचा लाडका प्रश्न: आता रेडिओ ऐकतो कोण? जो गाडी चालवतोय तो, जो दुकानात किंवा शेतात हातांनी काम करतोय तो, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो. आणि जर खरंच कुणी ऐकत नसेल, तर हक्क अडवून ठेवण्यात आयोजकाला काय मिळतं? वस्तू बिनमोलाची असेल तर तिच्यावर पहारा बसवत नाहीत. भाषेचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा आहे. हाइमे हरीन यांनी 1959 ते 2022 या काळात लॉस एंजेलिस डॉजर्सचे सामने स्पॅनिशमधून ऐकवले. सुरुवातीच्या वर्षांत बाहेरगावच्या सामन्यांना त्यांना पाठवलं जात नसे. स्टुडिओत बसून, इंग्रजी समालोचन कानाने ऐकत ते स्पॅनिशमध्ये सामना उभा करत. त्यातून शहरातल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांच्या पिढ्या त्या संघाच्या झाल्या. त्या वेळी ‘सर्व भाषांचा मक्ता’ एकाच इंग्रजी केंद्राकडे असता, तर स्पॅनिश आवाज उभाच राहिला नसता. गठ्ठ्याने विकलेल्या हक्कांत नेमकं हेच घडतं. खरेदीदार दहा भाषांचे हक्क घेतो, त्यातल्या दोन-तीन वापरतो आणि उरलेल्या कुलपात ठेवतो, कारण त्या दुसऱ्याला देण्यात त्याचा फायदा नसतो.

म्हणून आयोजकाने काय विकावं आणि काय विकू नये, याची रेघ स्पष्ट मारता येते. ‘अधिकृत केंद्र’ हे बिरुद, संघाचं चिन्ह, कर्णधाराची सामन्यानंतरची पहिली मुलाखत, संघाच्या ॲपवर समालोचन जोडणं, हे सगळं त्याने खुशाल चढ्या बोलीने आणि एकालाच विकावं. त्यात त्याची स्वतःची भर आहे. पण मैदानात बसून, आपल्या शब्दांत, आपल्या श्रोत्यांना खेळ सांगणं हे कुठल्याही परवानाधारक केंद्राला खर्चापुरत्या दराने खुलं असावं. कक्ष अपुरे असतील तर आधी स्थानिक केंद्रं, मग ज्या भाषेत कुणीच समालोचन करत नाही त्या भाषेची केंद्रं, असा क्रम जाहीर करावा. पाहुण्या संघाच्या केंद्रासाठी एक जागा राखीव ठेवावी. आणि जुने मक्ते संपेपर्यंत निदान एक कलम प्रत्येक नव्या करारात घालावं: स्पर्धा सुरू होण्याच्या 30 दिवस आधी हक्कधारकाने कोणत्या भाषेत, कोणत्या प्रदेशात, कोणत्या केंद्रावरून सामने ऐकवणार ते लेखी कळवायचं. ज्या भाषेचं आणि प्रदेशाचं नाव त्या यादीत नसेल, तिथला हक्क त्या दिवशी आपोआप आयोजकाकडे परत जाईल, आणि जो मागेल त्या केंद्राला आयोजकाने तो फक्त जागा, वीज आणि जोडणी यांच्या खर्चात द्यायचा.